आतड्याच्या कॅन्सरचं रोबोटिक ऑपरेशन ठरतंय? आधी सेंटीमीटर विचारा

आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, रेक्टमचा (मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचा) कॅन्सर निघाला आणि पुण्यात रोबोटने ऑपरेशन झालं त्याला आता पावणेदोन वर्षं झाली. तेव्हापासून नात्यात, शेजारपाजारी, आप्पांच्या एसटीतल्या जुन्या सोबत्यांकडे कुणाला असं काही निघालं की फोन मला येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला, "रोबोटने केलेलं चांगलं ना गं?" दरवेळी फोनवर तासभर सांगताना काहीतरी राहूनच जातं म्हणून सगळं एकदा लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही, वर्षभर फाईल घेऊन फिरलेली मुलगी आहे, त्यामुळे तुमच्या डॉक्टरांनी तुमच्या पेशंटसाठी वेगळं सांगितलं तर त्यांचं ऐका, पण त्यांना काय विचारायचं ते इथून घेऊन जा.

आणि पहिलं विचारायचं ते रोबोटबद्दल नाहीच. पहिलं विचारायचं की गाठ गुदद्वारापासून किती सेंटीमीटरवर आहे.

कारण असं आहे. मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब, त्यातला शेवटचा पंधरा सेंटीमीटरचा भाग म्हणजे रेक्टम, वरचा सगळा कोलन. कोलन पोटाच्या मोकळ्या जागेत असतं, तिथे दुर्बिणीचं साधं ऑपरेशन चांगल्या सर्जनच्या हातून उत्तम होतं. रेक्टम मात्र खाली ओटीपोटात, कमरेच्या हाडांच्या कड्यात अडकलेलं, पुढे लघवीची पिशवी आणि पुरुषांत प्रोस्टेट, बायकांत गर्भाशय, मागे माकडहाड आणि दोन्ही बाजूंनी लघवीच्या आणि लैंगिक संबंधांच्या नसा जातात. नुसती गाठ काढून भागत नाही, रेक्टमभोवतीचं चरबीचं वेष्टन न फाटता अख्खं बाहेर यावं लागतं कारण कॅन्सरच्या पेशी आणि लिम्फ नोड, म्हणजे कॅन्सर आधी जिथे पसरतो त्या बारीक गाठी, त्यातच असतात. बिल हील्ड नावाच्या ब्रिटिश सर्जननी १९८२ मध्ये हे जगासमोर मांडलं, याला टीएमई म्हणतात, आणि आजही ऑपरेशन चांगलं झालं की नाही ते मुख्यतः यावरच ठरतं. आता पुरुषांचं ओटीपोट अरुंद, त्यात पोट सुटलेलं, गाठ खाली, आणि दुर्बिणीची हत्यारं सरळ काठीसारखी, ती एकमेकांवर आपटतात. रोबोटच्या हत्याराला मनगट असतं, ते वळतं, आणि सर्जनला आतलं थ्रीडी आणि मोठं करून दिसतं. रोबोटचा खरा उपयोग इथे आहे.

म्हणजे गाठ खाली, पेशंट पुरुष, स्थूल, असं असेल तर रोबोटचा विचार जरूर करा. गाठ उजव्या बाजूच्या कोलनमध्ये असेल आणि कुणी रोबोटसाठी वरचे दोन लाख सांगत असेल तर त्यासाठी एफडी मोडायची गरज मला तरी वाटत नाही. आप्पांची गाठ सहा सेंटीमीटरवर होती.

अभ्यास काय सांगतात तेही थोडक्यात सांगते कारण इंटरनेटवर दोन्ही टोकाचं वाचायला मिळतं. २०१७ मध्ये रोलार नावाचा अभ्यास आला, दहा देशांतले ४७१ पेशंट, त्यात दुर्बिणीने सुरू केलेलं ऑपरेशन मधेच पोट उघडून करावं लागलं असे १२.२ टक्के आणि रोबोटमध्ये ८.१ टक्के, पण हा फरक ठामपणे रोबोटचा म्हणता येईल इतका मोठा ठरला नाही. मग चीनमधल्या ११ हॉस्पिटलांत १२४० पेशंटवर रिअल नावाचा अभ्यास झाला, सगळे मधल्या आणि खालच्या रेक्टमचे, आणि २०२५ मध्ये त्याचे तीन वर्षांचे आकडे आले, त्याच भागात कॅन्सर परत येण्याचं प्रमाण रोबोटमध्ये १.६ टक्के आणि दुर्बिणीत ४ टक्के. तिथले सर्जन दोन्ही पद्धतींत मुरलेले होते हे मात्र विसरू नका. माझा त्यातून काढलेला अर्थ इतकाच, खालच्या गाठीसाठी आणि अनुभवी हातात रोबोटचा फायदा आहे, नवशिक्या हातात तेच मशीन काही विशेष करत नाही.

आणखी एक गैरसमज इथेच काढून टाकते. रोबोट स्वतः काही कापत नाही. सर्जन त्याच खोलीत दोन-तीन मीटरवर रोबोट चालवायच्या कन्सोलवर बसलेला असतो, तो हात हलवेल तेवढंच आत हत्यार हलतं, आणि पेशंटजवळ दुसरा सर्जन आणि सिस्टर उभे असतात. आमच्या काकूंनी विचारलं होतं की मधेच लाईट गेली तर? मशीनला स्वतःची बॅटरी असते, ऑपरेशन थिएटरला यूपीएस आणि जनरेटर असतो, आणि मशीनच बिघडलं तर हत्यारं काढून दुर्बिणीने किंवा पोट उघडून पुढचं पूर्ण करतात. ही भीती मनातून काढा.

ऑपरेशनची तारीख घेण्याआधी

आमचे आठ महिने मूळव्याध समजून गेले. शौचातून रक्त पडत होतं, एका डॉक्टरांनी मलम आणि गोळ्या दिल्या, आप्पा लाजेपोटी परत सांगेनात, वजन उतरलं तेव्हा आम्ही जागे झालो. म्हणून घरातल्या चाळिशीपुढच्या कुणालाही शौचातून रक्त जात असेल, सवयी बदलल्या असतील, हिमोग्लोबिन कारण नसताना उतरलं असेल तर बोटाने तपासणी आणि कोलोनोस्कोपी झाल्याशिवाय मूळव्याध म्हणून गप्प बसू नका. आणि कमी वयात होत नाही असंही समजू नका, आमच्या वॉर्डात चौतिशीचा मुलगा होता.

बायोप्सीत कॅन्सर आला की घरात एकच घाई सुटते, उद्याच ऑपरेशन करून टाका. रेक्टमच्या बाबतीत ही घाई करू नका. छाती आणि पोटाचा सीटी स्कॅन, सीईए नावाची रक्ताची तपासणी, आणि रेक्टम असेल तर ओटीपोटाचा एमआरआय हा झालाच पाहिजे. त्या एमआरआयवर कळतं की गाठ त्या चरबीच्या वेष्टनाच्या कडेपासून किती लांब आहे, नोड्समध्ये गेलीय का, गुदद्वाराच्या स्नायूला लागलीय का. एमआरआय न करता खालच्या रेक्टमच्या ऑपरेशनची तारीख देत असतील तर मी तरी दुसरीकडे दाखवेन. बायोप्सीच्या तुकड्यावर एमएमआर किंवा एमएसआय तपासणी करायला सांगा, थोड्या पेशंटमध्ये तिच्यावरून अख्खी ट्रीटमेंट बदलते, इम्युनोथेरपी आधी देतात.

गाठ पुढे गेलेली असेल तर आधी रेडिएशन आणि किमो देऊन ती आकसवतात. आप्पांना २५ रेडिएशन झाली, सोमवार ते शुक्रवार पाच आठवडे, सोबत कॅपेसिटाबिन या किमोच्या गोळ्या. काही ठिकाणी पाचच मोठ्या डोसची रेडिएशन देतात. मग साधारण दोन महिने थांबून परत एमआरआय. हे थांबणं घरच्यांना फार जड जातं, लोक म्हणतात कॅन्सर आत आहे आणि तुम्ही काय वाट बघताय, पण त्या दोन महिन्यांत रेडिएशनचं काम चालूच असतं. काहींची गाठ पूर्णच विरघळते आणि मग ऑपरेशन न करता कडक तपासणीखाली ठेवायचा पर्यायही असतो, ब्राझीलच्या अँजेलिटा हाबर-गामा यांनी तो मार्ग दाखवला. हे तुमच्या केसमध्ये शक्य आहे का एवढं नक्की विचारा. कोलनच्या गाठीत बहुतेक वेळा आधी ऑपरेशनच असतं.

हे सगळं एकट्या सर्जनने ठरवू नये. सर्जन, रेडिएशनवाले, किमोवाले, रिपोर्ट बघणारे असे सगळे बसून ठरवतात त्याला ट्यूमर बोर्ड म्हणतात. टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी ते होतंच, खासगीत असाल तर "आमची केस बोर्डात मांडली का" हे स्पष्ट विचारा. दुसरं मत घ्यायला लाजू नका, कोणताही चांगला डॉक्टर रागावत नाही. सगळे रिपोर्ट, सीडी आणि बायोप्सीचे ब्लॉक (मेणात बसवलेले ते तुकडे) स्वतःकडे मागून घ्या, झेरॉक्स नाही, ओरिजिनल.

सर्जनला काय विचारायचं

मी वहीत लिहून नेलं होतं कारण आत गेल्यावर काही सुचत नाही. रेक्टमची रोबोटिक ऑपरेशनं तुम्ही स्वतः किती केलीत, नुसती रोबोटिक नाही, रेक्टमची. कन्सोलवर पूर्ण वेळ तुम्हीच असणार का. आप्पांच्या बाबतीत दुर्बिणीने आणि रोबोटने यात तुम्हाला नेमका काय फरक दिसतो. पोट उघडावं लागण्याची शक्यता किती. आतड्याची कापलेली टोकं जोडतात तो जोड लीक होण्याचं तुमचं प्रमाण किती. शौचासाठी पोटावर पिशवी लागणार का, तात्पुरती की कायमची. एका ठिकाणी तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं की "आजकाल सगळे रोबोटनेच करतात", आम्ही नमस्कार करून बाहेर आलो. जिथे केलं तिथल्या सर्जननी एमआरआय स्क्रीनवर लावला, पेनाने दाखवलं की इथे जागा अरुंद आहे, इथल्या नसा मला वाचवायच्यात म्हणून रोबोट, आणि तुमची गाठ वर असती तर मी दुर्बिणीनेच केलं असतं. असं उत्तर मिळालं की माणसावर विश्वास बसतो. बहुतेक रोबोटमध्ये सर्जनच्या हाताला आतला ताण जाणवत नाही, डोळ्यांनीच अंदाज घ्यावा लागतो, म्हणून हात बसायला बऱ्याच केसेस कराव्या लागतात आणि म्हणूनच पहिला प्रश्न महत्त्वाचा.

एक गोष्ट मन घट्ट करून ऐका. रोबोटने केलं म्हणजे पिशवी टळते असं नाही. गाठ गुदद्वाराच्या स्नायूतच शिरली असेल तर कोणत्याही मशीनने केलं तरी कायमची पिशवी लागते. आणि जोड खूप खाली असेल, आधी रेडिएशन झालेलं असेल, तर जोड भरेपर्यंत तात्पुरती पिशवी ठेवतात. ती सर्जनची कमजोरी नाही, पेशंटची सुरक्षा आहे.

पैशाचं

रोबोट बहुतेक ठिकाणी अमेरिकन कंपनीचा दा विंची असतो, आता गुरुग्रामच्या कंपनीचा मंत्रा हा भारतीय रोबोटही बऱ्याच हॉस्पिटलांत आलाय. दा विंचीची हत्यारं ठरावीक वेळाच वापरता येतात, मग टाकून द्यावी लागतात, म्हणून बिलात रोबोटचे वेगळे पैसे लागतात. आम्हाला दोन ठिकाणच्या कोटेशनमध्ये दुर्बीण आणि रोबोट यातला फरक एका ठिकाणी सव्वा लाख, दुसरीकडे एक लाख ऐंशी हजार सांगितला होता. कोटेशन लेखी घ्या, त्यात आतडं कापायचे-जोडायचे स्टेपलर धरलेत का ते विचारा, एकेक स्टेपलर महाग असतो आणि दोन-तीन लागतात.

मेडिक्लेम असेल तर हे नीट वाचा. विमा नियामकाच्या २०१९ च्या नियमांनंतर रोबोटिक सर्जरी पॉलिसीतून सरसकट वगळता येत नाही, पण तिच्यावर मर्यादा घालता येते. पॉलिसीच्या कागदात "मॉडर्न ट्रीटमेंट" असा भाग शोधा, तिथे रोबोटिकसमोर रक्कम किंवा टक्के लिहिलेले असतात. आप्पांच्या पॉलिसीत विम्याच्या रकमेच्या निम्मेच मिळणार होते आणि हे आम्हाला ॲडमिट व्हायच्या तीन दिवस आधी कळलं, मग धावपळ. तुम्ही पहिल्याच आठवड्यात हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवर, म्हणजे विम्याचं काम बघतात तिथे, जाऊन विचारा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आणि आयुष्मानमध्ये कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत कव्हर आहे आणि कॅन्सरची ऑपरेशनं त्यात बसतात, पण रोबोटसाठी वरचे पैसे मागणार का हे योजनेच्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडून आधीच साफ करून घ्या. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज ऑपरेशनच्या आधी टाका, नंतर नाही. आणि पैसे खरंच नसतील तर मनाला लावून घेऊ नका, चांगल्या सर्जनने दुर्बिणीने किंवा पोट उघडून नीट केलेलं ऑपरेशन हे पूर्ण ऑपरेशन असतं, लाखो माणसं त्यावर बरी झालीत.

तयारीचे चार आठवडे

आप्पांचं हिमोग्लोबिन ८.९ होतं. गोळ्यांना वेळ लागतो म्हणून शिरेतून लोहाचं इंजेक्शन दिलं. रोज सकाळ-संध्याकाळ चालणं, सुरुवातीला गल्लीच्या टोकापर्यंत, मग अर्धा तास. जेवणात प्रोटीन वाढवलं, अंडी, मुगाचं धिरडं, दही, पनीर, भाकरी कमी आणि डाळ जास्त. तंबाखू पूर्ण बंद, चाळीस वर्षांची सवय होती तरी केली, कारण जोड भरण्यासाठी रक्तपुरवठा चांगला लागतो हे सर्जननी त्यांना स्वतः समजावलं आणि आमचं न ऐकणारा माणूस त्यांचं ऐकला. मिश्री लावणाऱ्या आज्यांनाही हेच लागू. शुगर ताब्यात आणा. रक्त पातळ करायच्या गोळ्या, शुगरच्या गोळ्या कधी बंद करायच्या ते भूलतज्ज्ञांना गोळ्यांची पाकिटं दाखवून विचारा, शुगरच्या काही नव्या गोळ्या तीन-चार दिवस आधीच थांबवाव्या लागतात.

श्वासाच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं स्पायरोमीटर आधीच आणा आणि घरीच सवय करा, ऑपरेशननंतर पोट दुखत असताना पहिल्यांदा शिकणं अवघड जातं.

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट, पिशवीची जागा. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी स्टोमा नर्स, म्हणजे पिशवीचं बघणारी सिस्टर, पोटावर मार्करने खूण करते आणि ही खूण पेशंटला उभं करून, बसवून, वाकवून, त्याच्या रोजच्या कपड्यांत केली पाहिजे. आप्पा धोतर नेसतात, धोतराची गाठ जिथे येते तिथे पिशवी आली असती तर जन्माची कटकट. म्हणून आम्ही धोतर घेऊन गेलो. बायकांचं परकराच्या नाडीचं आणि निऱ्यांचं ठिकाण दाखवा, पँटवाल्यांनी पट्टा घालून दाखवा. पोटाच्या घडीत येऊ नये, पेशंटला स्वतःला खाली बघून दिसेल अशी हवी. तुमच्याकडे कुणी खूण करायला आलं नाही तर मागणी करा, ही पाच मिनिटं फार मोलाची आहेत.

आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध, पावडर दोन लिटर पाण्यात. गार करून, लिंबू पिळून, पंधरा मिनिटाला एक ग्लास असं घेतलं तर जातं. सोबत अँटिबायोटिकच्या गोळ्या देत असतील तर चुकवू नका. उपाशी किती वेळ राहायचं ते भूलतज्ज्ञ सांगतील, हल्लीच्या नियमांत घन अन्न सहा तास आधी बंद आणि नितळ पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, म्हणजे आदल्या रात्रीपासून घशाला कोरड पडेपर्यंत उपाशी ठेवायची पूर्वीची पद्धत आता बऱ्याच ठिकाणी राहिलेली नाही.

संमतीच्या कागदावर "गरज पडल्यास पोट उघडून" असं लिहिलेलं असतं, बघून घाबरू नका, सही करा. पोट उघडलं म्हणजे ऑपरेशन फसलं असं होत नाही, आत सुरक्षित वाटलं नाही म्हणून सर्जनने घेतलेला तो शहाणपणाचा निर्णय असतो.

ऑपरेशनचा दिवस

आप्पांना सकाळी आठला आत नेलं आणि दुपारी साडेतीनला सर्जन बाहेर आले. एवढा वेळ लागतो, मध्येच कुणी बाहेर येऊन सांगत नाही, जीव टांगणीला लागतो, पण भूल, पोझिशन, रोबोट जोडणं यातच सुरुवातीचा तास-दीड तास जातो. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करतात, आठ मिलिमीटरची चार छिद्रं आणि मदतनीसाचं एक, आणि शेवटी आतड्याचा तुकडा बाहेर काढायला पाच-सहा सेंटीमीटरचा एक छेद असतोच, तो बघून "एवढं कापलं का मग रोबोटने" असं वाटतं, पण गाठ न फाडता बाहेर काढायला तेवढा लागतो. जोडायच्या दोन्ही टोकांना रक्त नीट पोचतंय का हे बघायला हिरवं औषध शिरेतून देऊन खास कॅमेऱ्यात बघतात.

तासन्तास डोकं खाली आणि पाय वर अशा स्थितीत ठेवलेलं असतं म्हणून बाहेर आल्यावर चेहरा, डोळे सुजलेले दिसतात. आई बघून रडायलाच लागली. दुसऱ्या दिवशी उतरतं. खांदा दुखतो, त्याचं कारण तो पोटातला गॅस, हार्टचं काही नाही, तरी सिस्टरला सांगाच.

वॉर्डातले दिवस

दुसऱ्या दिवशी सकाळीच उभं करतात. आप्पा चिडले, पण फिजिओच्या मुलीने दाराशी नेऊन आणलंच. कमी दुखत असताना लवकर चालवणं, लवकर पाणी-पेज सुरू करणं यानेच माणूस लवकर घरी जातो, आणि रोबोटने छोटे छेद असल्यामुळे हे सोपं जातं. च्युइंगगम दिवसातून तीन-चारदा चघळायला देतात, त्याने आतडं जागं होतं. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून पोटात बारीक इंजेक्शन देतात, कॅन्सरच्या ऑपरेशननंतर ते बऱ्याचदा चार आठवडे चालू ठेवायचं असतं, घरी गेल्यावर कोण देणार ते डिस्चार्जच्या आधी ठरवा. लघवीची नळी काढल्यावर लघवी होते का यावर लक्ष ठेवा, खालच्या ऑपरेशननंतर काहींना थोडे दिवस त्रास होतो.

तिसऱ्या दिवसापासून साधारण आठव्या दिवसापर्यंत डोळ्यांत तेल घालून बघायची गोष्ट म्हणजे जोड लीक होणं. ताप, नाडी वाढलेली, पोट फुगणं, दुखणं कमी होत होत परत वाढणं, किंवा नुसतंच "बरं वाटत नाही, कसंतरी होतंय" असं पेशंट म्हणणं, यातलं काहीही असेल तर रात्रीचे दोन वाजले असले तरी ड्युटीच्या डॉक्टरला बोलवा. घरी आल्यावरही हे होऊ शकतं. भेटायला येणाऱ्यांना या आठवड्यात फोनवरच थांबवा.

आप्पा सहाव्या दिवशी घरी आले. सहा आठवडे चार-पाच किलोपेक्षा जड उचलायचं नाही, पाण्याची कळशी नाही, गॅसचा सिलिंडर तर नाहीच.

आठ-दहा दिवसांनी काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट येतो. त्यात चार गोष्टी वाचा, कडा कॅन्सरमुक्त आहेत का, टीएमई पूर्ण आहे का, लिम्फ नोड किती तपासले आणि त्यातल्या कितींत कॅन्सर आहे. निदान १२ नोड तपासलेले असावेत असा नियम आहे, आधी रेडिएशन झालं असेल तर थोडे कमी मिळू शकतात. रोबोटने काय साधलं हे या कागदावर दिसतं, पोटावरच्या छोट्या व्रणांवर नाही. पुढची किमो लागणार का हेही यावरूनच ठरतं.

पिशवी

आप्पांना तात्पुरती इलिओस्टॉमी होती, म्हणजे छोट्या आतड्याचं तोंड उजव्या बाजूला पोटावर आणलेलं. पहिले चार दिवस त्यांनी तिकडे बघितलंच नाही. आईने पदर तोंडाला लावून, मी ग्लोव्ह्ज घालून, असं सुरू झालं, आणि तिसऱ्या आठवड्यात आप्पा स्वतः बदलत होते.

स्टोमा, म्हणजे पोटावर आणलेलं आतड्याचं ते तोंड, लाल आणि ओलसर असतो, आपल्या ओठाच्या आतल्या बाजूसारखा. त्याला हात लावला तर दुखत नाही, पुसताना किंचित रक्त आलं तरी घाबरायचं नाही, पण जांभळा किंवा काळा पडला तर लगेच हॉस्पिटल. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करा, पूर्ण भरू दिली तर वजनाने चकती, म्हणजे पिशवी ज्याने कातडीला चिकटते ती, सुटते. चकती तीन-चार दिवसांनी बदलायची, सकाळी उठल्यावर चहाच्याही आधी, तेव्हा स्टोमातून कमी येतं. भोवतालची कातडी साध्या कोमट पाण्याने पुसून पूर्ण कोरडी करा. डेटॉल, स्पिरिट, तेल, सुगंधी साबण काही नको, तेलकटपणाने चकती चिकटत नाही. चकतीचं भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं कापा. पहिले दीड-दोन महिने स्टोमा आकसत जातो, म्हणून दर आठवड्याला माप घ्या, आम्ही जुन्याच मापाने कापत राहिलो आणि उघड्या राहिलेल्या कातडीची आग आग झाली. कातडी ओली असेल तर स्टोमा पावडर टाकून, झटकून मग चकती लावा, वर तळहात दोन मिनिटं ठेवा, उबेने नीट चिकटते.

खाण्यात मऊ भात, मुगाची खिचडी, केळं, साबुदाणा, उकडलेला बटाटा यांनी घट्ट येतं. कच्चा कोबी, मका, शेंगदाणे, फळांच्या साली, खोबऱ्याचे तुकडे पहिले दोन महिने नको, अडकतात. सगळं चावून चावून. पिशवीत काहीच येत नाही, पोटात कळा, उलटी, तर थांबू नका.

आणि पाणी. इलिओस्टॉमीत शरीरातलं पाणी आणि मीठ दोन्ही जातं. एप्रिलात आमच्याकडे कराडला ऊन चाळीसच्या आसपास, आप्पा तहान लागते म्हणून तांब्याने साधं पाणी प्यायचे आणि पिशवी अजूनच भरायची, पायात गोळे, लघवी कमी, शेवटी सलाईनसाठी ॲडमिट करावं लागलं. नुसतं पाणी जास्त प्यायलं तर उलट जास्त वाहतं हे आम्हाला माहीतच नव्हतं. ओआरएस हवं, मीठ घातलेलं ताक, पेज. मापाच्या भांड्यात दिवसाचं मोजा, दीड लिटरच्या वर जात असेल तर डॉक्टरांना फोन करा, लोपेरामाइडसारख्या गोळ्या ते सांगतील तशा द्या.

पिशवीने अंघोळ होते, प्रवास होतो, देवपूजा होते. आप्पा पिशवी असताना एसटीने पंढरपूरला जाऊन दर्शन घेऊन आले, सोबत दोन जादा पिशव्या, कापलेली चकती, पाण्याची बाटली, टिश्यू आणि काळ्या पिशव्या. कळस तरी बघून येतो म्हणाले होते, रांगेत उभे राहून पायापर्यंत गेले. मुंबईत ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया आहे, स्वतः पिशवी असलेली माणसं तिथे मार्गदर्शन करतात, तिथल्या एका माणसाशी झालेलं बोलणं सगळ्या डॉक्टरांपेक्षा आप्पांना जास्त उपयोगी पडलं.

पिशवी बंद झाल्यावर

किमो संपल्यावर जोड तपासून पिशवी बंद केली. आम्हाला वाटलं सुटलो, पण खरा धीर त्यानंतर लागला. रेक्टमच राहिलेलं नसतं त्यामुळे साठवायला जागा कमी, दिवसातून दहा-बारा वेळा शौचाला, लागली की थांबता येत नाही, जाऊन आल्यावर पाच मिनिटांत परत. याला लार्स म्हणतात आणि हे ऑपरेशनआधी फार कमी जण सांगतात. रोबोटने केलं तरी होतं. महिन्यामहिन्याने कमी होतं, वर्षभर सुधारत राहतं. गुदद्वाराचे स्नायू आवळायचे व्यायाम फिजिओकडून शिका आणि पिशवी असतानाच सुरू करा. रात्रीचं जेवण लवकर, तिखट आणि चहा कमी, इसबगोलने काहींना बांधून येतं. कातडीला झिंक ऑक्साइडचं मलम लावा, कागदाने पुसण्यापेक्षा पाण्याने धुवा. आप्पा आता दिवसातून तीन-चारदा जातात.

पुरुषांना नंतर संबंधांत अडचण येऊ शकते, बायकांना कोरडेपणा, दुखणं. आमच्या घरात हा विषय निघूच शकत नव्हता, मी सर्जनना सांगून आई आणि आप्पांशी बंद दाराआड बोलायला लावलं. तुम्हीही तसंच करा, उपाय असतात, विचारलं नाही तर मिळत नाहीत.

तपासण्या चुकवायच्या नाहीत. आम्हाला पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी सीईए आणि डॉक्टरांची भेट, मग पाच वर्षांपर्यंत सहा महिन्यांनी, वर्षातून सीटी स्कॅन, आणि ऑपरेशननंतर एक वर्षाने कोलोनोस्कोपी असं लिहून दिलंय. कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवा कारण बरं वाटायला लागलं की पेशंटच टाळायला लागतो.

आणि सख्ख्या नात्यातल्यांनी, म्हणजे मुलं आणि भावंडं, स्वतःची कोलोनोस्कोपी करून घ्यायची, चाळिशीला किंवा घरातल्या पेशंटला ज्या वयात निघाला त्याच्या दहा वर्षं आधी, जे आधी येईल ते. माझी झाली, एक छोटा पॉलिप निघाला, तिथल्या तिथे काढून टाकला. धाकट्या भावाची पुढच्या महिन्यात आहे, तो येत नव्हता, आप्पांनी स्वतः फोन करून तारीख घेतली.